लोहाराची लेक

अडीच वर्षांची मुलगी, वजन जेमतेम सहा किलो. कुपोषित मुलांच्या वॉर्डात आणलं तेव्हा तिच्यात रडायचंही त्राण नव्हतं. नर्सताई दर दोन तासांनी तिच्या दुधात झिंक, पोटॅशियम, मॅग्नेशियम मोजून घालायच्या आणि चमच्या-चमच्याने पाजायच्या. बाकी सगळे क्षार मिळत होते, फक्त लोह नव्हतं.

बापाला हे काही केल्या पटेना. बाप लोहार.

"डॉक्टरीणबाई, आख्ख्या गावाचं लोखंड माझ्या हातून जातं आणि माझ्याच लेकीला कणभर मिळू नये?"

"इतक्या अशक्त अंगाला ते झेपत नाही, दादा. उलट जंतूंचंच फावतं. जरा वजन धरू दे, आपणहून खायला मागू दे, मग सुरू करू. तोवर थांबायचं."

तो रोज विचारायचा आणि त्या रोज थांबायला सांगायच्या. मग तो घट्टे पडलेले हात चोळत खाटेशी बसून राहायचा.

नवव्या दिवशी सकाळी तो चहात बिस्किट बुडवत होता. पोरीने हात लांबवून ते हिसकावलं आणि सबंध तोंडात कोंबलं. डॉक्टरीणबाई शेजारच्याच खाटेपाशी होत्या. वजनाचा तक्ता पाहून त्यांनी नर्सताईंना लोहाची बाटली आणायला सांगितलं.

"घ्या दादा, आता तुमच्या मनासारखं करू."

बापाने पुड्यातून दुसरं बिस्किट काढून लेकीच्या हातात दिलं आणि तिच्यावरची नजर न काढता म्हणाला,


"थांबा जरा, बाई. आधी तिला खाऊ द्या."