बुटक्या पायऱ्या

"ही पायरी उंच झाली," अंबूबाई म्हणाली. "परत बसवा."

इंद्रजितनं पहार खाली टेकवली. तो कुपवाडच्या एका कारखान्यात वेल्डर. दर रविवारी दहा-बारा जणांना घेऊन तो मोटारसायकलवर शिराळ्याच्या डोंगरात यायचा. पाच वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि माथ्यावरच्या बिरोबाची वाट तिच्याबरोबर गेली. तीच ही मंडळी हौसेनं पुन्हा बांधत होती. माथ्यावर देऊळ आणि धनगरांची चार घरं. तिथली तरणी माणसं कडा धरून कशीबशी खाली उतरत.

"आवं मावशी, वीतभर तर हाय."

"म्हाताऱ्या मानसाला वीत लय हुती रं." तिनं एक काटकी मोडून त्याच्या हातात दिली. "या मापाच्याच पायऱ्या करा. पार वरपतोर."

अंबूबाई पायथ्याच्या गावातली, सत्तरीला टेकलेली. पहिल्याच रविवारी ती आपणहून आली आणि त्यानंतर तिनं एकही रविवार चुकवला नाही. खाली बसून दगड निवडायची, घमेली भरून द्यायची. चढण झेपत नसेल म्हणून तिला वर कुणी बोलावलं नाही. म्हातारीला मरायच्या आधी देव बघायचाय, असं पोरं आपसांत म्हणायची आणि काटकी लावून दगड बसवायची.

"मावशी, देवाचं दर्शन कधी घेतलंत शेवटचं?" इंद्रजितबरोबर येणाऱ्या क्रांतीनं एकदा विचारलं.

"लगीन व्हायच्या आदी." मग डोळ्यांवर हात धरून ती म्हणाली, "वर धूर दिसतुय का गं? चुलीचा?"

"दिसतोय की."

"बरं झालं."

दीड वर्षानं शेवटची पायरी बसली. त्या सकाळी अंबूबाई नवं हिरवं लुगडं नेसून आली. इंद्रजितनं नारळ तिच्या हातात दिला.

"पहिला मान तुमचा. हळूहळू नेतो, चला."

तिनं नारळ क्रांतीकडं दिला आणि खालच्या पायरीवर बसली. "तुमी जावा. मी न्हाई येत."

बाकीचे वर गेले. इंद्रजित मात्र तिच्याजवळच थांबला.

"दीड वरीस राबलासा, आन आता बसलायसा व्हय?"

"मी वरचीच लेक. खालच्या गावात मनानं लगीन केलं, तवा बापानं बिरोबाची आन घातली. पुन्ना डोंगर चढायचा न्हाई म्हनला." तिनं पायरीवरची माती हातानं झाडली. "बाप गेला. त्येनं घातलेली आन तशीच हाय. कशी मोडू?"

"मग ही वाट कशापायी?"

अंबूबाईनं डोळ्यांवर हात धरला. वरच बघत राहिली.

दोनेक तासांनी वळणावर क्रांती दिसली. तिनं एका पार वाकलेल्या बाईचा दंड धरला होता. बाई काठीनं पुढची पायरी चाचपायची, पाय टाकायची, थांबायची, पुन्हा चाचपायची. अंबूबाई उठून उभी राहिली, पण जागची हलली नाही.

सगळ्यात खालच्या पायरीवर बाईनं काठी सोडून दिली. दोन्ही हातांनी अंबूबाईचं तोंड चाचपलं, कपाळ, गालांच्या सुरकुत्या.

"पोरी," ती म्हणाली, "तू कवा गं एवढी म्हातारी झालीस?"