आजच्यापुरतं

भिंतीपलीकडून लूर्दुमेरी टीचरची प्रार्थना सुरू झाली आणि जयतीर्थरावांचा स्टोव्हला पंप मारणारा हात थांबला.

"आमचं आजचं अन्न आज आम्हांला दे."

रोज सकाळी तमिळमधलं हेच वाक्य. देव काय विसराळू आहे, रोज उठून आठवण करायला? आज तर रावांना ते ऐकवेना. त्यांनी स्टोव्ह तसाच कोपऱ्यात सरकवला.

बायको वेंकटलक्ष्मी गेली, तेरावं झालं, मुलगा मद्रासला परतला, तेव्हा राव नुसत्या कॉफीवर आणि केळ्यांवर राहिले होते. एकट्या जिवासाठी कोण रांधत बसणार? सदरा अंगावर लोंबायला लागला. आणि हा सोवळ्यातला म्हातारा प्राण गेला तरी परक्या हातचं खायचा नाही, हे मेलकावेरी गावातल्या त्यांच्या साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

अशात एके दिवशी टीचर ॲल्युमिनियमचा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"रायर," ती रावांना तमिळ वळणाने म्हणाली, "घरात काही नाही. थोडा भात मिळेल?"

रावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई आणि वेंकटलक्ष्मी न्हाणीच्या भिंतीवरून तासन्‌तास बोलायच्या. ती उपाशी, आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी लगेच भात टाकला. शिवाशिव नको म्हणून डबा खाली ठेवायला लावला आणि वरून वाढलं. उरलेला भात स्वतः खाल्ला.

मग ते रोजचंच झालं. एकदा राव म्हणाले, "टीचर, तांदळाचं पोतंच पाठवतो. तुमच्या देवाच्याही मागची कटकट मिटेल."

"नको. शिजवलेलंच द्या. आजच्यापुरतं."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या मागेन."

ख्रिस्ती लोकांचं काही व्रत असेल, अशी रावांनी समजूत करून घेतली.

आणि काल दुपारी पोस्टातून येताना त्यांनी काय पाहावं? चर्चच्या फाटकाशी टीचर त्यांचा सांबारभात एका आंधळ्या भिकाऱ्याच्या ताटलीत रिकामा करत होती. ते पुण्य म्हणून त्यांनी सोडूनही दिलं असतं. पण गल्लीत शिरले तर तिच्या उघड्या खिडकीतून मासळीच्या कालवणाचा वास! शेगडीवर भाताचं पातेलं रटरटत होतं.

तेव्हापासून रावांना चैन नव्हतं. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर. फसवलं! तेही देवाचं नाव घेऊन!

दुपारी टीचर नेहमीसारखी डबा घेऊन आली.

"आज भात नाही," राव दारातूनच कडाडले. "तुमच्याकडे कालवण झालं असेल ना?"

टीचर चपापली. "पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं. म्हाताऱ्याला रोज रॉकेलच्या वासात बसवता, आणि घरी पातेलं भरलेलं! वर देवाकडे अन्न मागायला लाज नाही वाटत?"

टीचर त्यांच्या खांद्यावरून आत पाहत होती. कोपऱ्यात थंड स्टोव्ह, शेजारी केळ्याची साल.

"तुम्ही काय जेवलात, रायर?"

"मी? तुम्हाला द्यायचं नव्हतं, मग रांधू कोणासाठी?"

टीचरने रिकामा डबा पदराखाली घेतला.

"म्हणजे माझी आजची प्रार्थना देवाने ऐकली नाही."