दहाचा पर्याय

अठरा वर्षं गणितकोड्यांच्या स्पर्धेची प्रश्नपत्रिका चितळकर सरच काढत. यंदा ते काम नव्या शिक्षिकेला, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीला, वृषालीला मिळालं.

स्टाफरूममध्ये सरांनी लाल पेन उघडून तिचा प्रश्न मोठ्याने वाचला. "घंटेच्या सहा टोल्यांना पाच सेकंद लागतात, तर बारा टोल्यांना किती? दुप्पट टोले, दुप्पट वेळ. दहा! बाईंच्या उत्तरसूचीत अकरा!"

वृषाली म्हणाली, "सर, वेळ दोन टोल्यांमध्ये जातो. सहा टोल्यांत पाच अंतरं, बारांत अकरा."

"मग दहाचा पर्याय कशाला?"

"घाईत असणाऱ्यांसाठी. चुकीचा पर्याय मोहात पाडणारा हवा, हे नववीत तुम्हीच शिकवलंत."

तास संपल्याची घंटा वाजू लागली. ही घंटा सर वर्षानुवर्षं ऐकत होते. प्रश्न मात्र वृषालीला सुचला होता.