साठ राण्या

“साठ राण्या आहेत वकीलबाई, आणि त्या कस्टमच्या गोदामात साधा पंखा नाही!”

श्पेला विजदानच्या स्वयंपाकघरात उभी होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि मादबा शहरात आताच भिंती तापायला लागल्या होत्या. विजदान बदामाची सालं काढत बसली होती. संध्याकाळी तिच्या भाचीला मागणी घालायला मुलाकडचे चाळीस पुरुष यायचे होते.

“बसा आधी. कॉफी घ्या.”

“बसायला वेळ नाही.” असं म्हणत श्पेला बसली आणि दोन कप प्यायली. तिसऱ्याला कप दोन बोटांत धरून हलवला. बस, असं. दीड महिन्यात तेवढं ती शिकली होती.

स्लोव्हेनियातली तिची मधमाश्यांची वाडी विकून ती इथे आली होती. टेकडीवर तिच्या साठ पेट्या राणीविना पडून होत्या. राणी नसली की पेटीतल्या माश्या सैरभैर होतात आणि हळूहळू संपतात. राण्या पहाटेच्या विमानाने उतरल्या होत्या. काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यांत एकेक राणी, सोबत चार दासी आणि साखरेचा गोळा.

“अडलंय कुठे?” विजदानने विचारलं.

“आरोग्य दाखल्याची नक्कल आहे, अस्सल उद्या येतोय कुरियरने. साहेब म्हणतो, अस्सल आणा. उद्यापर्यंत माझ्या राण्या भाजून निघतील!”

“तरी मी म्हटलं होतं, माल निघायच्या आधी कागद मला दाखवा.”

“वकील भांडणाला लागतो. माल आणायला कशाला? मी ऑस्ट्रियात माल पाठवला, इटलीत पाठवला. कायदा वाचता येतो मला.”

“वाचता येतो, हे खरं,” विजदान म्हणाली. “साहेब कोण आहे?”

“पांढऱ्या मिशांचा. अबू नायफ.”

विजदानचा हात बदामावर थांबला. मग तिने पुढचा बदाम सोलला.

“म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. त्याला अधिकार आहे, हमी लिहून घेऊन सोडू शकतो. पण मनावर घेतलं तर. मी आले असते, पण हे एवढं घर...”

“तुम्ही नकाच येऊ. मीच जाते पुन्हा, शांतपणे बोलते.”

“जा. आणि हो, त्याच्याकडची कॉफी पिऊ नका.”

“का?”

“सकाळपासून थर्मासात पडलेली असते. छातीत आग होते नुसती. परक्या माणसाला तर फारच बाधते.”

“मग नको म्हणू?”

“छे, नको म्हटलेलं वाईट दिसतं. घ्यायची आणि समोर ठेवायची. आग्रह करेल, तरी नाही. राण्या हातात पडेपर्यंत पोट बिघडवून घेऊ नका.”

दहाला श्पेला कस्टमच्या कचेरीत पोहोचली. अबू नायफने तिला खुर्ची दिली, थर्मासातून कॉफी ओतून दिली आणि म्हणाला, “बाई, मी सकाळीच सांगितलंय. अस्सल दाखला.”

श्पेलाने कप टेबलावर ठेवला. हमीचं कलम उघडून वाचून दाखवलं. मग कलम बाजूला ठेवून राण्यांबद्दल बोलायला लागली, अंगावर जबाबदारी असलेल्या माणसासारखी, घाईने.

“कलम मला माहीत आहे,” तो म्हणाला. “घ्या ना, थंड होईल.”

“नंतर.”

त्याने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पलीकडच्या टेबलावरच्या दोघा कारकुनांच्या लेखण्या थांबल्या.

“बाई, घ्या हो.”

“असू दे साहेब. आधी राण्या.”

अबू नायफने मिशीवरून हात फिरवला. मग फोन उचलला. गुरांचे डॉक्टर आले, पिंजरे उजेडाकडे धरून एकेक तपासले. श्पेलाने हमी लिहून दिली, उद्या बारापर्यंत अस्सल दाखला हजर. शिक्का पडला.

“आता प्या,” अबू नायफ म्हणाला. “जे मागायला आलात ते मिळालं.”

एवढं काम करून दिल्यावर नाही कसं म्हणायचं? पोटाचं काय व्हायचं ते होवो म्हणत तिने एका घोटात कप रिकामा केला आणि पिंजऱ्यांची खोकी छातीशी धरून धावत सुटली.

साठांतल्या दोनच गेल्या होत्या. दुपारपर्यंत अठ्ठावन्न राण्या पेट्यांत होत्या.

संध्याकाळी ती मधाची बरणी घेऊन विजदानकडे आली, ती जवळजवळ नाचतच.

“बघितलंत? वकिलाशिवाय! एकटीने! कलम वाचलं आणि विषय संपला. पुढच्या महिन्यात शंभर येतायत, त्याही मीच सोडवणार.”

“बघा ना, लोक उगीच घाबरतात,” विजदान म्हणाली.

“आणि कॉफी चांगली होती हो! ताजी, वेलचीची. उगाच बदनाम केलंत बिचाऱ्याला.”

“थर्मास बदलला असेल.”

बाहेर पाहुणे आले. बायका दाराआड दाटीवाटीने उभ्या राहिल्या. श्पेलालाही पुढे जागा मिळाली. मुलाकडच्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या हातात कॉफी दिली गेली. त्याने ती ओठाला लावली नाही. समोर जमिनीवर ठेवली. चाळीस माणसं गप्प झाली.

“आम्ही एक मागणं घेऊन आलोय,” म्हातारा म्हणाला. “ते मिळाल्याशिवाय ही कॉफी घशाखाली उतरायची नाही.”

विजदानचा भाऊ उठून उभा राहिला. “प्या, काका. जे मागायला आलात ते मिळालं.”

बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी केली. त्या गलक्यात श्पेला म्हाताऱ्याच्या कपाकडे पाहत होती. कॉफीचं तबक बायकांत आलं. तिने कप घेतला, विजदानसमोर बसली, आणि कप न पिता खाली ठेवला. “पुढच्या शंभरांचे कागद,” ती म्हणाली.

विजदान तबकातले बदाम सारखे करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “प्या.”