दोन महिरपी कंस

"फ्रिज आणि त्याचा थर्मामीटर दोन्ही बंद पडले, रक्ताच्या चाळीस पिशव्या नासल्या, आणि घंटी वाजली नाही." साहेबांनी कागद पुढे सरकवला. "तापमान वाचायचा भाग तुमचा. सही करा, आणि उद्यापासून घरी बसा."

मावशीने कागदाला हात लावला नाही. भाचीला इथे चिकटवून दिल्यापासून अख्खं ऑफिस तिला मावशीच म्हणायचं. रक्तपेढीचा हा प्रोग्राम दोघींनी मिळून लिहिलेला. तापमान वाचायचं मावशीने, घंटी वाजवायची भाचीने.

"थर्मामीटर बंद पडला तर माझा भाग आरडाओरडा करतो, साहेब. ते चेक्ड एक्सेप्शन आहे. जो माझा भाग वापरेल, त्याला ते ऐकावंच लागतं."

पहिल्याच आठवड्यात तिने भाचीला हे शिकवलं होतं. "अनचेक्ड म्हणजे आपलाच वेंधळेपणा. पाय घसरावा तसा, कुणी पाटी लावत नाही. चेक्ड म्हणजे आपल्या हातात नसलेलं, पण येऊ शकेल असं संकट. त्याची पाटी मी दारावरच लावते. मग एक तर तू निस्तर, नाही तर वरच्याला कळव. त्याशिवाय कोड तपासणारा कंपायलर पुढे जाऊच देत नाही."

"आणि झेलून गप्प बसले तर?"

"बसशील बाई, तुझा काय नेम!" दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

साहेबांनी भाचीकडे पाहिलं. "तुझ्या भागात काही गडबड?"

"नाही सर. मॅडमनी दिलं तसंच वापरलंय."

मॅडम. पहिलीपासून दहावीपर्यंत जिच्या वेण्या घातल्या, तिच्या तोंडून.

मावशी उठली. भिंतीवरच्या पडद्यावर तिने भाचीची फाइल उघडली आणि खाली सरकत गेली. मावशीच्या भागाला हाक मारलेली ओळ सापडली. तिच्याखाली 'कॅच', म्हणजे आरोळी झेलायची जागा, आणि पुढे दोन महिरपी कंस. कंसांत काहीच नव्हतं. ना घंटी, ना वर निरोप. आरोळी झेलली होती आणि तिथल्या तिथे गिळून टाकली होती.

साहेबांनी डोळे बारीक केले. त्यांना कोड वाचता येत नव्हता. "हे काय आहे?"

"ज्याने लिहिलंय, तो सांगेल."

भाची खिडकीबाहेर बघत होती. मावशीने वाट पाहिली. एकच शब्द पुरला असता, 'माझं'.

"म्हणजे कुणाला ठाऊक नाही," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून पेन मावशीपुढे धरलं.

मावशीने पेन घेतलं नाही. तिने कर्सर त्या दोन कंसांच्या मधोमध नेऊन ठेवला आणि कीबोर्ड भाचीसमोर सरकवला.

"लिही. अजून जागा आहे."

भाचीचे हात मांडीवरून वर आले नाहीत. पडद्यावर, कोऱ्या जागेत, कर्सर लुकलुकत राहिला.