कडेची शाई

"बाबा यायचेत, त्यांचं ताट झाकून ठेव," असं म्हणत आईने त्यांना रस्त्यावर बघायला जाण्यासाठी चपला घातल्या.

शर्वरीने घाईघाईने टॅबलेटवरचा फोटोंचा अल्बम उघडला. मेंदूच्या झटक्यानंतर आईची आठवण या अल्बमवरच चालत होती. पडद्यावर फोटोच्या कडेला तपकिरी शाईचा आणि खडूच्या भुकटीचा जुनाट रंग दिला, की त्यातलं प्रत्येक माणूस गेलं, असं तिचा मेंदू कायमचं धरून चाले. म्हणून शर्वरी जिवंत माणसं आधी कापून बाजूला घ्यायची आणि मगच कडा रंगवायची. बाबा गेले, पण त्यांच्या फोटोला मात्र शर्वरीचा हातच लागला नव्हता.

"लाव एकदाची शाई!" दारात आईला अडवत भाऊ ओरडला. "काल ट्रकखाली येता येता वाचली ती!"

आईने त्याला ढकललं. शर्वरीने डोळे गच्च मिटून बाबांच्या फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं.

आई थबकली. आत आली आणि तिने बाबांचं ताट उचलून ठेवलं. भावाने सुस्कारा सोडला.

मग आई शर्वरीकडे वळली. "बसा ना, उभ्या का? आमचे हे गेले हो. आणि पोरगीही."

शर्वरीने फोटोकडे पाहिलं. तपकिरी कडांच्या आत, बाबांच्या खांद्यावर बसून लहानपणची ती स्वतः हसत होती.