पार्टिशनमागे ताई

"सारखं दाराकडे बघू नकोस," ताई म्हणाली. "टेबलापाशी उभा राहा."

धाकटा टेबलापाशी जाऊन उभा राहिला. औषध कंपनीच्या तपासनीस बाई कुठल्याही क्षणी येणार होत्या. त्यांनी ऑर्डर दिली तर बहीण-भावाची ही इवलीशी कंपनी तगणार होती. नाही दिली, तर महिनाअखेर दाराला कुलूप.

टेबलावर यंत्र होतं. इंजेक्शनची रिकामी कुपी कॅमेऱ्यासमोर ठेवायची; धड असेल तर हिरवा दिवा, तडा असेल तर लाल. निदान ठरलं तरी तसं होतं. पहिल्या चाचणीत यंत्राने असे काही दिवे लावले, की धाकट्याला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तेव्हापासून पार्टिशनमागे ताई बसायची. तिची उमेदीची वर्षं काच कारखान्यात गेली होती. केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. पडद्यावर कुपी दिसली की ती बटण दाबायची आणि बाहेर दिवा लागायचा. पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ये-जासुद्धा मागच्या दाराने करायची. तिने बटण दाबलं नाही तर यंत्र स्वतःच उत्तर द्यायचं. शिवाय तिची उत्तरं बघून बघून ते शिकतही होतं म्हणे. किती शिकलं, हे तपासायची धाकट्याची छाती होत नव्हती. पुन्हा तोंडघशी कोण पडणार?

दोघांनी मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकले.

"तू बोलत राहा, बाकीचं मी बघते," म्हणत, पर्समध्ये काहीतरी चाचपत ताई आत गेली. दार लोटलं गेलं. आत पंखा सुरू झाला.

थोड्या वेळाने बाई आल्या त्या धापा टाकतच. "लिफ्ट अडकलीय तुमची. एवढे मजले चढायला लावलेत मला."

"सॉरी, मॅडम. पाणी देऊ?"

"आधी काम." त्यांनी पिशवीतून स्वतःच्या कुप्या काढल्या.

पहिली कुपी. हिरवा. दुसरी. हिरवा. तिसरीला लाल. धाकट्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता. पार्टिशनमागे पंखा घरघरत होता, तेवढाच काय तो आधार.

शेवटची कुपी अगदी लखलखीत होती. लाल दिवा लागला.

"ही तर धड आहे," बाई म्हणाल्या.

ताई चुकली? धाकट्याने कुपी उजेडात धरून हळूहळू फिरवली. बुडाशी एक बारीक तडा चमकला.

बाई पहिल्यांदाच हसल्या. "मुद्दाम आणली होती. आमच्या माणसांनी ही पास केली होती." त्यांनी ऑर्डरचा कागद पुढे ओढला, पेन काढलं आणि थांबल्या. "अशीच एक फुटकी कुपी आमच्याकडून निसटली होती. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात पोचली. नर्सचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. माणसाचा डोळा थकतो हो. म्हणून मला यंत्र हवंय."

धाकट्याला संध्याकाळची ताई आठवली, डोळे चोळत बसलेली. बाईंच्या कारखान्यात दिवसभर कुप्यांची रीघ लागणार, आणि त्या रांगेपुढे ताई एकटी. एखादी निसटली तर?

"मॅडम, सही करू नका," तो एकदम बोलून गेला. "यंत्राला काही येत नाही. आत माझी बहीण बसलीय. दिवे ती लावते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. पार्टिशनकडे एकदा पाहिलं. दार उघडायची तसदी मात्र घेतली नाही.

"बहिणीला नोकरी हवी असेल तर माझ्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "हे यंत्र पुन्हा दाखवू नका. मलाही नाही आणि आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणालाही नाही. मी सांगणारच आहे सगळ्यांना."

कुप्या पिशवीत भरून त्या जिना उतरून गेल्या.

धाकटा डोक्याला हात लावून बसला. फार वाईट वाटत होतं, आणि हलकंही वाटत होतं. आतून ताईची हाक येईना. तिने सगळं ऐकलं असणार. आता तिला तोंड कसं दाखवायचं? बराच वेळ त्याला पार्टिशनचं दार ढकलायचा धीर होईना.

तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. दारात ताई उभी होती, घामाने निथळत, केस विस्कटलेले, हातात चष्म्याची डबी.

"चष्मा गाडीतच राहिला होता रे! पटकन आणावा म्हणून मागच्या दाराने उतरले, आणि वर येताना मेली लिफ्टच अडकली. आत्ता कुठे सोडवलं मला." तिने घाबऱ्या घाबऱ्या खोलीभर नजर फिरवली. "ती बाई अजून आली नाही ना?"